कंटिन्यू काढायचं की ठेवायचं: जुन्या फोर्ट्रान प्रोग्रॅमच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

भूजल पातळी काढणारा, फोर्ट्रान या संगणकभाषेतला एक जुना प्रोग्रॅम हातात आलाय. जमिनीचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातली पातळी शेजारच्या चौघांवरून काढायची, फरक पुरेसा कमी होईपर्यंत फेऱ्या मारायच्या, असं सरळ गणित. मूळ लिखाण भाषेच्या १९६६च्या मानकाच्या वळणाचं, त्यावर १९७७च्या मानकाची ठिगळं. साडेतीन हजारांच्या आसपास ओळी. इफ-एल्स शोधूनही सापडत नाही. डावीकडच्या पाच रकान्यांत नुसते आकडे: १०, २०, १५, ९००, ३१०. ही लेबलं, म्हणजे ‘गो टू’ने उडी मारून कुठे यायचं त्याच्या खुणा. निम्म्याहून जास्त आकड्यांपुढे एकच शब्द, कंटिन्यू.

काम असं ठरलंय: प्रोग्रॅम मुक्त मांडणीत (रकान्यांचं बंधन नसलेल्या नव्या मांडणीत) आणायचा, लेबलं आणि उड्या जमतील तेवढ्या काढायच्या, पण उत्तरं बदलू द्यायची नाहीत. कोणाला असंच काम करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय. कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, फायलीत अर्थातच रोमनमध्ये आहेत.

कोडला हात लावण्याआधी तुलनेसाठी उत्तरं साठवायला बसलो आणि पहिल्याच पायरीवर अडकलो. तोच डेटा, तोच प्रोग्रॅम, दोनदा चालवला तर उत्तरं वेगळी. कारण असं निघालं की सबरूटीनमधले (हाक मारून चालवायच्या उपप्रोग्रॅममधले) चल दोन हाकांच्या मधे आपली किंमत धरून ठेवतील असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं. जुन्या यंत्रांवर त्यांची जागा ठरलेली असायची, त्यामुळे ते चालून जायचं. जीफोर्ट्रान, म्हणजे माझा कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), असे चल स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या जागेत टाकू शकतो. ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ हा पर्याय दिल्यावर उत्तरं स्थिर झाली. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) शून्यावर ठेवलंय, आणि काम संपेपर्यंत कंपायलर आणि पर्याय दोन्ही बदलायचे नाहीत.

जुळणीची अट कडक ठेवतोय: शेवटच्या अंकापर्यंत जुळलं पाहिजे. मी फक्त नियंत्रणाचा प्रवाह बदलणार आहे. बेरजा-गुणाकारांचा क्रम तोच राहिला तर शेवटचा अंकही हलायचं कारण नाही. हलला तर उडी चुकली असं समजायचं.

नमुना डेटापैकी एक संच मात्र चालतच नाही, मधेच कोसळतो. त्याची जुनी छापील उत्तरं तेवढी आहेत. बाजूला ठेवलाय, बघू.

१३ जानेवारी

आज फक्त यादी. प्रत्येक सबरूटीनसाठी एक तक्ता केला: लेबल, ते कोणत्या ओळीवर आहे, आणि तिथे कोण कोण येतं. हा तिसरा रकाना भरताना डोकं पिकलं.

आधी वाटलं, ‘गो टू’ शोधलं की झालं. पण स्थिर मांडणीत (जुन्या, ठरलेल्या रकान्यांच्या मांडणीत) ओळीतल्या मोकळ्या जागांना किंमत नसते. ‘गोटू’, ‘गो टू’, मधे तीन जागा सोडलेलं ‘गो   टू’, तिन्ही एकच. त्याशिवाय लेबलाकडे यायच्या वाटा कितीतरी: तीन फाट्यांचं अंकगणिती इफ, कंसात लेबलांची यादी असलेलं गणित गो टू, लेबल चलात ठेवणारं असाइन, डेटा वाचणाऱ्या रीडमधलं ‘एंड = ९००’ आणि ‘ईआरआर = ९१०’, कॉलमधे तारा लावून पाठवलेलं परतीचं लेबल. फॉरमॅटची (डेटा कसा मांडलाय ते सांगणाऱ्या ओळींची) लेबलं वेगळी काढावी लागतात. ती रीड आणि राइटसाठी असतात, तिथे उडी मारता येत नाही. शिवाय लेबलाची हद्द एका सबरूटीनपुरती. माझ्याकडे १०० हे लेबल जवळजवळ प्रत्येक सबरूटीनमधे आहे, त्यामुळे सबंध फाईलभर शोधून बदल करायचा विचार सुरुवातीलाच सोडून द्यावा.

कंटिन्यू स्वतः काहीच करत नाही. ती लेबल टांगायची खुंटी. तिची गरज दोन कारणांनी पडायची. पहिलं म्हणजे डू लूपची (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेऱ्यांची) शेवटची ओळ गो टू, अंकगणिती इफ, रिटर्न, स्टॉप किंवा दुसरं डू असून चालत नसे, आणि खऱ्या लूपचा शेवट नेमका असल्याच ओळीवर व्हायचा. दुसरं कारण व्यवहाराचं: लेबल कामाच्या ओळीवर असेल आणि उद्या तिच्या आधी एक कार्ड (तेव्हा कोडची एक ओळ म्हणजे भोकं पाडलेलं एक कार्ड) घालायचं झालं, तर उडी मारून येणारे ते नवं कार्ड चुकवून पुढे जाणार. लेबल कंटिन्यूवर असेल तर नवं कार्ड तिच्याखाली घातलं की झालं.

तक्ता भरल्यावर लेबलांचे गट पडले. कोणीच येत नाही अशी. फक्त डूचा शेवट म्हणून असलेली. डूचा शेवट आणि शिवाय आतून उडी येणारी. वरून पुढे उडी येणारी. खालून मागे उडी येणारी.

पहिला गट ‘डब्ल्यू-ऑल’ पर्याय दिला की कंपायलरच दाखवतो. उडवून टाकला, उत्तरं जुळली. चुकून वापरातलं लेबल उडवलंच तर कंपायलर लगेच ओरडतो, म्हणून काढून टाकण्यात धोका नाही. धोका जागा बदलण्यात आहे, तिथे कंपायलर गप्प बसतो.

१५ जानेवारी

वरचं शेवटचं वाक्य आज लगेच अनुभवाला आलं. एका सबरूटीनमधे हे होतं (‘.ईक्यू.’ म्हणजे बरोबर):

      डू ३० के = १, एनव्ही
      इफ (आयडी(के) .ईक्यू. ०) गो टू ४०
      एस = एस + क्यू(के)
   ३० कंटिन्यू
   ४० कंटिन्यू

एकाखाली एक दोन कंटिन्यू, दोन्ही काहीच न करणाऱ्या. ४० काढलं, उडी ३० वर वळवली. बिनतक्रार कंपाइल झालं. बाकी सगळ्या डेटावर उत्तरं जुळली, एकावर एकूण उपसा जास्त आला.

३० लूपच्या आत आहे, ४० बाहेर. ३० वर उडी म्हणजे ही फेरी सोड आणि पुढची घे. ४० वर उडी म्हणजे लूपच सोड. आयडी शून्य ही विहिरींची यादी संपल्याची खूण होती. माझ्या बदलाने खुणेपाशी थांबायचं सोडून प्रोग्रॅम ती ओलांडून पुढे जायला लागला. बहुतेक डेटात खुणेपुढे शून्यच होती म्हणून बेरीज बदलली नाही. एका डेटात मात्र आधीच्या कालखंडाच्या विहिरी ॲरेत (किमतींच्या यादीत) तशाच पडून होत्या, त्या बेरजेत आल्या.

आधुनिक रूपात ३० कडची उडी म्हणजे सायकल, ४० कडची म्हणजे एक्झिट. पायथन किंवा सी लिहिणाऱ्याने इथे जपून राहावं: तिकडचं कंटिन्यू जे करतं ते फोर्ट्रानमधे सायकल करतं.

आता पद्धत अशी केली आहे: डूच्या शेवटाचं लेबल आणि लूपबाहेर पडायचं लेबल तक्त्यात वेगळ्या रंगात. आधी उडीच्या जागी सायकल किंवा एक्झिट लिहायचं, चालवायचं, जुळवायचं, मगच कंटिन्यूच्या जागी एंड डू. दोन्ही एका दमात नाही.

१८ जानेवारी

मांडणी बदलायचा दिवस. स्थिर मांडणीत १ ते ५ रकाने लेबलाचे, सहावा मागची ओळ पुढे चालू आहे हे सांगणारा, ७ ते ७२ मधे विधान. ७३ ते ८० मधे कार्डांचा अनुक्रमांक असायचा, तो कंपायलर वाचतच नाही. कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर पुन्हा लावता यावा म्हणून ती सोय.

अनुक्रमांक काढायला छोटी स्क्रिप्ट लिहिली: ओळीच्या शेवटी आठ अक्षरांचा ठराविक नमुना दिसला की उडव. मग फाइंडेंट या हत्याराने मुक्त मांडणीत रूपांतर. कंपाइल झालं. चालवलं तर कुठल्याच डेटाचं उत्तर जुळेना. पातळ्या जवळपास त्याच, पण चौथ्या-पाचव्या अंकापासून फरक. आणि एक मोठा फरक: साठवलेल्या सगळ्या उत्तरांत फेऱ्यांची संख्या ५०० छापलेली, आता बरीच कमी.

५०० ही मर्यादा. म्हणजे आजवर हा प्रोग्रॅम दर वेळी मर्यादा गाठूनच थांबत होता. का, ते शोधण्यात सबंध संध्याकाळ गेली. मुख्य फेरीत ही ओळ होती (‘.एलटी.’ म्हणजे पेक्षा कमी, ‘.जीटी.’ म्हणजे पेक्षा जास्त):

      इफ (ईमॅक्स .एलटी. टॉल .अँड. केआयटी .जीटी. केमिन) गो टू १५०

मधली ‘केआयटी’ची अट नंतर कोणीतरी घातलेली. तिच्यामुळे ओळ लांबली आणि खऱ्या फाईलमधे १५० मधलं शून्य ७३व्या रकान्यात गेलं. कंपायलरच्या दृष्टीने उडी १५० वर नव्हतीच, १५ वर होती. आणि १५ हे लेबलही नेमकं होतं, फेरीच्या सुरुवातीला. उत्तर स्थिरावलं की छापायला जाण्याऐवजी प्रोग्रॅम पुन्हा फेरी मारायला वर जायचा. फेऱ्यांची मर्यादा १५ नंतर लगेच तपासली जात होती, म्हणून अनंत फेरा झाला नाही. नुसता वेळ वाया जायचा आणि कोणाच्या लक्षात यायचं नाही.

नंतर हात लागलेल्या ओळींवर अनुक्रमांक नव्हते. त्यामुळे माझ्या स्क्रिप्टने ही ओळ पूर्ण ठेवली आणि मुक्त मांडणीत ते शून्य जिवंत झालं. ओळ कापली जात असल्याचा इशारा कंपायलर आधीपासून देतच होता, पण अनुक्रमांक असलेल्या प्रत्येक ओळीसाठी देत होता, त्या ढिगात ही ओळ बुडाली होती.

दुरुस्त करायचा मोह आवरला. आत्ता दुरुस्त केलं तर तुलनेची उत्तरंच निकामी होतील आणि पुढे कुठली उडी चुकली तर कळायला मार्ग उरणार नाही. म्हणून स्क्रिप्ट बदलली: नमुना न बघता सरसकट ७२ रकान्यांनंतरचं कापायचं. उडी पुन्हा १५ वर, फेऱ्या पुन्हा ५००, उत्तरं जुळली. त्या ओळीपाशी टिप्पणी लिहून ठेवली.

जाता जाता ती प्रसिद्ध टिंबाची चूकही शोधली. ‘डू १० आय = १, १०’ मधे स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं तर जागांना किंमत नसल्यामुळे ‘डू१०आय’ नावाच्या चलाला १.१० ही किंमत दिली जाते आणि लूप नाहीसा होतो. मरिनर १ हे यान १९६२ मधे याच टिंबापायी गेलं असं सर्रास सांगतात. ते खरं नाही, टिंबाचा किस्सा अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ मोहिमेसाठी वापरलेल्या एका गणिताच्या प्रोग्रॅमचा. माझ्याकडे तसलं काही निघालं नाही. मुक्त मांडणीत अशी ओळ कंपाइलच होत नाही.

२० जानेवारी

कोसळणारा डेटा आज सुटला. सीमा तपासणारा ‘एफ-चेक = ऑल’ हा पर्याय लावून चालवलं तर कळलं की जे हा निर्देशांक ॲरेच्या बाहेर जातोय. जागा ही:

      डू २० आय = १, एनएक्स
      इफ (केबी(आय) .ईक्यू. ०) गो टू २०
      डू २० जे = १, एनवाय
      इफ (आयबी(आय,जे) .ईक्यू. ०) गो टू २०
      ... पातळीचं गणित ...
   २० कंटिन्यू

दोन लूप, एकच शेवट. जुन्या कोडमधे हे सर्रास दिसतं, एक कार्ड कमी लागायचं. पण २० ही ओळ नेमकी कोणत्या लूपमधे आहे? सगळ्यात आतल्या. दुसरी उडी जे च्या लूपमधून येते, ती ठीक. पहिली उडी अजून जे चा लूप सुरूही झालेला नसताना येते आणि सरळ त्याच्या पोटात शिरते. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, ‘चौकोनांची ही ओळ निष्क्रिय आहे, पुढचा आय घे’. झालं असं की आतल्या लूपच्या शेवटाशी जाऊन जे एकाने वाढला.

१९६६च्या मानकातसुद्धा हे चालत नव्हतं. लेबल अनेक लूपांत वाटलेलं असेल तर त्यावर उडी फक्त सगळ्यात आतल्या लूपमधूनच मारता येईल असा नियम होता. मग जुन्या यंत्रावर उत्तरं आली कशी? लूपच्या तळाशी ‘जे वाढव, मर्यादेहून मोठा झाला का बघ’ असा कोड असेल तर मागच्या फेरीतून उरलेला जे आधीच मर्यादेपलीकडे असतो. तो आणखी एकाने वाढतो, लूप संपतो, बाहेरचा आय पुढे सरकतो. निव्वळ नशीब. माझ्या कंपायलरने बांधलेला लूप मात्र थांबला नाही आणि जे ॲरेबाहेर गेला. चौकोनांची एखादी सबंध ओळ निष्क्रिय असलेला डेटा हा एकच, म्हणून कोसळणाराही हा एकच. उडी ज्या ब्लॉकमधून (ओळींच्या गटातून) निघते त्या ब्लॉकमधे लेबल नाही, असा इशारा कंपायलरने दिला होता. पण तो मी १३ तारखेला इतर इशाऱ्यांबरोबर पुढे ढकलला होता. हा एक इशारा मात्र ढकलू नये.

आधी आतल्या लूपला २०, बाहेरच्याला २५ असे वेगळे शेवट दिले आणि पहिली उडी २५ वर वळवली. डेटा चालला, छापील उत्तरांशी छापलेल्या अंकांपुरता जुळला. मग नावं दिली:

   ओळी: डू आय = १, एनएक्स
     इफ (केबी(आय) == ०) सायकल ओळी
     डू जे = १, एनवाय
       इफ (आयबी(आय,जे) == ०) सायकल
       ...
     एंड डू
   एंड डू ओळी

वाटलेला शेवट जिथे जिथे आहे तिथे आधी प्रत्येक लूपला स्वतःची कंटिन्यू द्यायची, मग पुढचं. या टप्प्यावर कंटिन्यूंची संख्या वाढते, वाढू द्यावी.

२१ जानेवारी

छापील उत्तरं हाताशी होतीच, म्हणून चालणारे संचही त्यांच्याशी ताडून पाहिले. एकात दुसऱ्या कालखंडाचा एकूण उपसा छापील प्रतीत ० आणि माझ्याकडे पहिल्या कालखंडाचाच आकडा. म्हणजे मी जपत असलेलं साठवलेलं उत्तरच चूक होतं.

दुसऱ्या कालखंडात विहिरी नाहीत, एनव्ही शून्य. १९७७च्या मानकाप्रमाणे १ ते ० असा लूप एकदाही चालत नाही. त्याआधी मानकाने असा लूप लिहायलाच मनाई केली होती, आणि बरेच कंपायलर तपासणी तळाशी करत असल्यामुळे लूप एकदा तरी चालायचाच. इथे लूपच्या आत पहिल्या फेरीला ‘क्यूटॉट = ०’ केलेलं होतं. लूप चाललाच नाही, तर जुना क्यूटॉट तसाच राहिला, आणि ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’मुळे तो इमानाने सांभाळलाही गेला. काही जुन्या कंपायलरांना एकदा तरी लूप चालवायचा खास स्विच असायचा. तो शोधत बसलो नाही. शून्य करायची ओळ लूपच्या आधी आणली. तेवढ्या एका संचाचं साठवलेलं उत्तर नव्याने घेतलं.

ज्या लूपची वरची मर्यादा डेटातून वाचली जाते असा प्रत्येक लूप यासाठी तपासायला हवा. एनएक्स, एनवाय कधी शून्य होत नाहीत, ते सोडले.

२४ जानेवारी

शोधाचे लूप. नमुना असा:

      डू ७० के = १, एनव्ही
      इफ (आयडी(के) .ईक्यू. आयडब्ल्यू) गो टू ८०
   ७० कंटिन्यू
      आयईआर = ३
      के = १
   ८० कंटिन्यू

इथे ७० आणि ८० च्या मधे ‘सापडलं नाही’चा कोड आहे. नुसतं एक्झिट लिहिलं तर सापडलेलाही त्याच कोडमधे येऊन पडतो. लूपनंतर ‘के > एनव्ही’ तपासायची वाट आहे. १९७७पासून लूप पूर्ण संपल्यावर के ची किंमत एनव्हीपेक्षा एक जास्त असते याची हमी आहे, त्याआधी ती अनिश्चित मानली जायची. बहुतेक ठिकाणी हेच केलं. एका ठिकाणी चाललं नाही, कारण लूपच्या आतच एनव्ही कमी केला जात होता. किती फेऱ्या मारायच्या ते लूप सुरू होतानाच ठरतं, आत एनव्ही बदलल्याने फेऱ्या बदलत नाहीत. माझी नंतरची तुलना मात्र बदललेल्या एनव्हीशी होत होती, त्यामुळे सापडलेली विहीरही कधी कधी ‘सापडली नाही’ ठरायची.

त्या जागी २००८च्या मानकातली सोय वापरली: नाव दिलेल्या ब्लॉकमधूनही एक्झिट करता येतं.

   शोध: ब्लॉक
     डू के = १, एनव्ही
       इफ (आयडी(के) == आयडब्ल्यू) एक्झिट शोध
       ...
     एंड डू
     आयईआर = ३
     के = १
   एंड ब्लॉक शोध

पुढे जाणाऱ्या उडीची ही सगळ्यात विश्वासू बदली. मूळ उडी जिथे पडायची तिथेच ही पडते, अट उलटी करावी लागत नाही. अटी उलट्या करून इफच्या आत इफ घालत गेलो असतो तर चार पायऱ्या आत जाऊनही मूळ हेतू दिसला नसता.

मागे जाणाऱ्या उड्या सोप्या निघाल्या. १५ पासून सुरू होणारी मुख्य फेरी आता साधा डू आणि आत एक्झिट. कापलेली ती चुकीची उडी सध्या सायकल म्हणून जपली आहे, टिप्पणीसह.

२७ जानेवारी

अंकगणिती इफ: ‘इफ (डीएच) ११०, १२०, १३०’, म्हणजे ऋण, शून्य, धन. बहुतेक ठिकाणी दोन लेबलं सारखी, म्हणजे खरे फाटे दोनच. ती साध्या इफ-एल्समधे बसली. तिन्ही वेगळी होती तिथे ऋण आणि शून्य तपासून उरलेलं एल्समधे टाकलं. किंमत ‘संख्या नाही’ प्रकारची आली तर ती दोन्ही तपासण्यांत नापास होऊन एल्समधे, म्हणजे धनाच्या फाट्यात जाते. त्या एका जागी वेगळी तपासणी घातली.

गणित गो टू: ‘गो टू (२१०, २२०, २३०), केटाइप’. सिलेक्ट केसमधे (किमतीनुसार एक तुकडा निवडणाऱ्या रचनेत) सरळ बसतं, फक्त दोन गोष्टी बघाव्यात. केटाइप यादीबाहेरचा असेल तर १९७७पासून नियम असा की पुढच्या ओळीवर जायचं. म्हणजे गो टूच्या लगेच खालच्या ओळी या केस डिफॉल्ट (कुठल्याच किमतीत न बसणाऱ्यांसाठीच्या) आहेत, त्या वाया गेलेल्या समजून काढू नयेत. दुसरं, २१० चा तुकडा शेवटी उडी न मारता २२० मधे घरंगळत जातो का? माझ्याकडे एक जात होता. सिलेक्ट केसमधे तसं घरंगळणं नाही, म्हणून २२० चा तुकडा सबरूटीन करून दोन्हीकडून हाक मारली.

३१ जानेवारी

असाइन. एका ठिकाणीच, पण सगळ्यात चिवट. ‘असाइन ३१० टू आयरेट’, मग ‘गो टू ९००’, तिथला तुकडा संपला की ‘गो टू आयरेट’. गरिबाचं सबरूटीन म्हणा. त्यातली एक हाक डू लूपच्या आतून जायची आणि काम आटोपून पुन्हा त्याच लूपच्या आत यायची. १९६६मधे याला परवानगी होती, १९७७ने ती काढली, आणि असाइन स्वतः फोर्ट्रान ९५मधे मानकाबाहेर गेलं.

९०० चा तुकडा कंटेन्सखाली, म्हणजे मूळ सबरूटीनच्याच पोटात, अंतर्गत सबरूटीन केला. आतले चल नीट जाहीर केले, इम्प्लिसिट नन (जाहीर न केलेले चल नाकारायला लावणारी ओळ) लावलं, आणि उत्तरं चुकली. तुकडा जाता जाता टी१ मधे एक मधली किंमत ठेवून जायचा आणि पुढे चाळीसेक ओळींनंतर ती वापरली जायची. मी टी१ आतलाच चल केला होता. तो बाहेर, यजमानाकडे (ज्याच्या पोटात हा तुकडा आहे त्या सबरूटीनमधे) जाहीर केल्यावर जुळलं. असा तुकडा बाहेर काढताना आत काय जातं ते सगळे बघतात. बाहेर काय उरतं त्याचीही यादी करावी, आणि हे काम कागदावर करावं.

४ फेब्रुवारी

सगळी रूपांतरं झाल्यावर ‘एसटीडी = एफ२०१८’ लावून कंपाइल केलं. २०१८च्या मानकाने अंकगणिती इफ आणि वाटलेल्या शेवटाचे लूप काढून टाकले आहेत, आणि लेबल लावलेला डू कालबाह्य यादीत घातला आहे. दोन अंकगणिती इफ नजरेतून सुटलेले सापडले, दोन्ही पुढच्या ओळीवर चालू राहिलेल्या लांब विधानांत.

गो टू आणि कंटिन्यू मात्र अजून मानकात शाबूत आहेत. मुख्य सबरूटीनमधे एक लेबल मुद्दाम ठेवलंय: ९९९ कंटिन्यू, खाली फायली बंद करणं आणि स्थितीचा आकडा परत देणं. चूक कुठेही झाली की तिथे. एक्झिटवाल्या ब्लॉकने हेही झालं असतं, पण मग तीनशे ओळींचा ब्लॉक तयार होतो आणि त्याचा शेवट शोधत फिरावं लागतं. लेबल क्लोजच्या ओळीवर न लावता कंटिन्यूवरच ठेवलंय, कारण कधीतरी कोणीतरी क्लोजच्या आधी एक राइट घालणारच. रीडमधली ‘एंड =’ची लेबलं ‘आयओस्टॅट’ने (वाचणं कसं झालं ते सांगणाऱ्या आकड्याने) बदलली.

उत्तरं जुळल्यावर, स्वतंत्र बदल म्हणून, जपलेली ती सायकल एक्झिट केली. फेऱ्या मर्यादेच्या बऱ्याच आधी संपू लागल्या. पातळ्यांतला फरक सहनमर्यादेच्या आत आहे, नवी उत्तरं तुलनेसाठी वेगळी साठवली आहेत. कॉमन (सबरूटीनमधे वाटून घेतलेली जागा) आणि इक्विव्हॅलन्स (एकाच जागेला दोन नावं) यांना अजून हात लावलेला नाही. ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ काढून बघितलं तर दोन सबरूटीनमधे अजून उत्तरं हलतात. तिथे कोणते चल सेव्ह करायला (दोन हाकांच्या मधे किंमत धरून ठेवायला सांगायला) हवेत त्याची यादी चालू आहे.